मालकांनी हँडल धरलं तो दिवस

त्या वर्षी मी मारुतीशी बोलणं टाकलं होतं. हसू नका, खरंच सांगते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून एक शनिवार चुकवला नव्हता. बाळंतिणीच्या खाटेवरूनसुद्धा सासूबाईंच्या हाती तेलाची वाटी पाठवलेली. आणि कापसाची वेचणी उरकत आली होती त्या दिवसांत, एका सकाळी आमचे मालक तांब्या घेऊन उठले आणि तांब्या हातातून गळून पडला. उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं. परभणीच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण घरी सोडताना बजावलं, यांना चालवा, बसून राहिले तर पाय कायमचा जाईल.

मालक भिंत धरून उभे राहायचे, पण अंगणाच्या दाराच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाव नाही. काठी आणली तर ती कोपऱ्यात भिरकावली. "गावासमोर काठी टेकीत जाऊ का मी?" एवढं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. हा माणूस सेलूच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर उभा राहायचा, कापसाच्या गाड्यांची रांग याच्या एका आवाजावर सरकायची. आता पाणी हवं असलं तरी मागायचा नाही. मी मनात म्हटलं, मारुतीराया, इतकं तेल ओतलं तुझ्यावर, ते कुठं मुरलं? आणि शनिवारी देवळाच्या वाटेनं जाणंच सोडलं. पाण्याला जायचे ते मागच्या बोळातून.

निदान ऊन तरी लागावं म्हणून अंगणात कडुलिंबाखाली त्यांची खाट टाकायची ठरवली. तिथं गोठ्यातली अडगळ येऊन पडली होती, ती काढताना त्यांची जुनी सायकल निघाली. निजामाचं राज्य गेलं त्या सुमारास रेल्वेतला एक गोरा साहेब मुलूख सोडून निघाला होता, त्याच्याकडून यांनी हौसेनं घेतलेली. अंगानं हलकी, चाकं बारीक, आणि हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. गावात तिला मेंढाच म्हणत. देवगाव फाट्यावर एसटी नेमानं थांबायला लागली तशी ती मागे पडली. भंगारवाल्याला द्यावी म्हणून मी ती दाराकडं ओढत होते, तेवढ्यात ओसरीवरच्या खाटेवरून आवाज आला, "तिला देऊ नको."

कित्येक दिवसांनी आपण होऊन बोलले होते. मी सायकल परत भिंतीला टेकवली. देवळात जात नव्हते तरी जन्माची खोड जाते का? तिथंच अंगणात उभ्या उभ्या मनातल्या मनात कौल लावला, की ही सायकल मी नीट करीन. हिचं चाक फिरलं तर यांचा पाय फिरेल.

आता सायकल नीट करायची म्हणजे काय, मला कुठं ठाऊक. मला ठाऊक भांडी घासणं. मग भांड्यांसारखीच घासली. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, विटेची भुकटी. गंज निघाला तसा खालून हिरवा रंग दिसायला लागला, त्यावर सोनेरी रेघ. चाकांच्या बारीक तारा तर नातवंडाचे कान पुसावेत तशा एकेक पुसल्या. मालक बघत नसल्यासारखं करून बघायचे. आमच्या जाऊबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "आक्का, म्हातारपणी सर्कशीत जायलाव का काय?"

म्हटलं, "जायलेय की. तुमी पेटी वाजवायला चला."

लिंबाखालच्या खाटेवर मालकांचा डावा गाल हलला. मला तेवढं पुरे होतं.

पण चाक फिरेना. पुढचं नाही, मागचं नाही, पायडलही नाही. ओढली की जमिनीवर घसटत यायची, फिरायची नाही. तेल कमी पडलं असेल म्हणून मी आणखी तेल सोडलं. सकाळी सोडलं, संध्याकाळी सोडलं. सेलूच्या दुकानात न्यावी म्हटलं, तर त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखं काहीतरी चाललेलं. आज मोर्चा, उद्या बंद, एसटी आली तर आली. आणि खरं सांगू का, मला भीती वाटायला लागली होती. कौल मी लावला होता. कुणी सांगितलं नव्हतं लावायला. आपल्याच तोंडानं आपण नवऱ्याचा पाय बांधून टाकला की काय, या विचारानं भाकरी थापताना हात थांबायचा.

अशात एका दुपारी बोळात धारवाला आला. चाकू-विळ्यांना धार लावणारा, पांढरी दाढी, डोक्याला फडकं. त्याची सायकलच त्याचं दुकान. स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचं, की पट्ट्यावर वरचा दगड फिरतो. सेलूचा बाजार बंद म्हणून तो गावोगाव निघालेला, आणि नेमका आमच्या दारासमोर त्याचा पट्टा तुटला. पुढच्या दारात तुटला असता, मागच्या दारात तुटला असता. तुटला तो आमच्या दारात.

"अम्मा, चामड्याचा तुकडा हाय का एखादा?" म्हणत आत आला. मी जुन्या चपलेचा पट्टा शोधून देईपर्यंत त्याची नजर आमच्या सायकलीवर. त्यानं चाकाला बोट लावलं, बोट नाकाशी नेलं आणि माझ्याकडं बघितलं. "इसमें क्या डाले तुमी?"

"तेल."

"कोणतं?"

"घाण्याचं. करडीचं."

"या अल्ला! अम्मा, ये सायकल हाय का कढई? भजे तळायचे का हिच्यात?"

तर ते असं होतं. दर शनिवारी मारुतीला घालून वाटीत उरलेलं तेल मी घरी आले की सायकलीच्या चाकांत सोडायचे. देवाचा प्रसाद हाय, मालकांच्या वाहनाला लागो, अपघात न होवो, म्हणून. ती चालत होती तेव्हाही, ती पडून राहिली तेव्हाही. आणि करडीचं तेल वाळलं की काय होतं, हे दिव्याचा कोनाडा घासणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागतं का? डिंक होतो. ते मला सुचलं नव्हतं.

मला रडू आलं. म्हटलं, "देवाचं तेल होतं हो चाचा."

तो हसला नाही. म्हणाला, "नियत अच्छी थी अम्मा. निघंल. रॉकेल आणा."

कंदिलाची बाटली आणली. त्यानं सायकल उलटी केली, पान्ह्यानं चाकं खोलली. आतले छर्रे गुळाच्या पाकात पडल्यासारखे चिकटलेले. ते मी परातीत रॉकेलमध्ये धुतले, तो फडक्यानं पुसून ग्रीस लावून बसवत गेला. पट्ट्याचं काम त्यानं बाजूलाच ठेवलं. पुढचं चाक बसवून बोटानं टिचकी मारली, आणि ते फिरलं. आवाज नाही काही नाही, नुसतं फिरत राहिलं. मी परात धरून बघत राहिले.

मग मागचंही चाक बसवून त्यानं सायकल सरळ उभी केली, ब्रेक बसवायला खाली वाकला, आणि कुणीतरी धरायला हवं म्हणून खाटेकडं बघून सहज म्हणाला, "मालक, बसलाव काय? जरा हँडल धरा की. अम्माचे हात बरबटलेत."

त्याला काय माहीत! मी तोंड उघडलं, "अहो चाचा, त्यांना..." तोवर मालक खाट धरून उठले होते. डाव्या हातानं त्यांनी हँडल धरलं. उजवा हात हळूहळू वर आला आणि दुसऱ्या शिंगावर टेकला. अंगाचा भार पडला तशी सायकल पुढं सरकली. आता तिला अडवायला गंज नव्हता, तेल नव्हतं, ब्रेक तर नव्हताच. तिच्यामागं डावा पाय गेला. मग उजवा, मातीत रेघ ओढत. लिंबापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून अंगणाच्या दारापर्यंत.

धारवाला ओरडतोय, "किधर चले मालक? ब्रेक बसवायचा हाय अजून!"

आणि मालक वाकड्या तोंडानं हसत, "थांबंना गं ही! थांबंनाच!"

मी पळत जाऊन मागून सीट धरली. तोवर त्यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

धारवाला भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी खाऊन गेला. पुन्हा कधी दिसला नाही, असं काही नाही. पुढंही यायचा, चहा घ्यायचा, जाऊबाईंच्या विळीला धार लावून द्यायचा. साधा माणूस. मी त्याला देव म्हणत नाही, त्याला ते आवडायचंही नाही. पण त्या दुपारी मला एक कळलं. आम्ही सगळे मालकांना धरत होतो. मी धरत होते, लेक आली की लेक धरायची, डॉक्टर धरायचे. पण त्यांना कुणी म्हटलंच नव्हतं, की तुम्ही हे जरा धरा. ते एका वाटसरूला सुचलं, तेही न कळता. न कळता जे सुचतं ते कुठून येतं, हे मी शोधत बसले नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही फाट्याच्या रस्त्यानं जायचो. हातात सायकल असलेल्या माणसाला कुणी आजारी म्हणत नाही. कुणी विचारलं, "काय मालक, बसायचं सोडून ढकलीत का चाललाव?" की हे ऐटीत सांगायचे, "पंक्चर हाय." वर्षानुवर्षं एकच पंक्चर. सायकलीवर ते पुन्हा कधी बसले नाहीत. पाय पहिल्यासारखा झाला नाही. कौल खरा झाला की खोटा, मला सांगता येत नाही, आणि पुन्हा कौल मी कधी लावला नाही. मी देवाला सारखं म्हणत होते, पहिल्यासारखं कर. त्यानं पहिल्यासारखं केलं नाही, पुढं चालतं केलं. मागण्याची अक्कल माझी, देण्याची त्याची. एवढं समजायला मला उभा जन्म लागला.

सीट मात्र मी बरेच महिने मागून धरूनच चालायचे. वाटायचं, मी धरलंय म्हणून हे चाललेत. एका संध्याकाळी ओढ्याच्या उतारावर माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. मी वाकले, आणि वर बघते तर मालक पुढं गेलेले. त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. पलीकडचा चढ ते एकटे चढत होते, सायकल धरून, सावकाश. हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. काटा पायात तसाच होता, आणि माझे हात आपोआप जोडले गेले होते.