न टोचलेला डावा

आमच्या डोंबिवलीच्या घरात चैत्र-वैशाख फक्त भिंतीवर टांगलेले असतात. व्यवहारात महिने दोनच, डावा आणि उजवा. दादाला दर चार आठवड्यांनी ठाण्याच्या दवाखान्यात कुल्ल्यावर इंजेक्शन देतात, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्याचे भास त्यामुळे आटोक्यात असतात. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन डाव्यात झालं, नवा फ्रिज उजव्यात आला, असा आमचा इतिहास आहे.

त्या शनिवारी डाव्याची पाळी होती आणि दादाला न्यायचं काम माझं. शीळफाट्यावर एक कंटेनर आडवा झालेला. दोन तास गाडी जागची हलली नाही, दवाखाना एक वाजता बंद होतो, म्हणून परत फिरलो. दादा मागून जिना चढत होता, तेवढ्यात दारातच आईने विचारलं, "झालं?" तिची कटकट कोण ऐकणार? मी म्हणालो, "झालं." सोमवारी रजा टाकून गुपचूप नेऊ, असा बेत होता. सोमवारी ऑफिसात ऑडिट निघालं. मंगळवारी आणखी काहीतरी निघालं.

त्याच मंगळवारी आई फोनवर मावशीला सांगत होती, "आता उजव्यातच ये जेवायला." दादाने पेपरातून डोकं बाहेर काढलं. "अगं, अजून डावं झालंच नाही."

आईचा चेहरा उतरला. औषध झालंच नाही म्हणायला लागला की आजार डोकं वर काढतोय, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालेलं.

"झालंय रे बाळा."

"नाही गं. शीळफाट्यावरून परत आलेलो आम्ही." मग तो माझ्याकडे वळला. "सांग ना रे."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ते मागच्या वेळी, दादा."

मला माझी लाज वाटते. तेव्हाही वाटली होती, पण चहा संपला तरी तोंड उघडलं नाही.

चार-पाच दिवस दादा येता-जाता डावी बाजू चाचपून बघत होता. रविवारी पाहतो तर तो पालथा झोपलेला आणि आई त्याच्या डाव्या कुल्ल्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसलेली. "दुखतंय म्हणाला. पटलं एकदाचं त्याला," आई म्हणाली. तिला आनंद लपवता येत नव्हता. कुणीही न टोचलेल्या जागेची एवढी सरबराई मी जन्मात पाहिली नव्हती.

तरी तिची भीती गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी डोस वाढवून मागायला ती आम्हा दोघांना घेऊन दवाखान्यात गेली. दादाच्या इंजेक्शनांच्या नोंदींची फाईल अजून बाहेरच्या टेबलावरच होती. डॉक्टरबाई दाबून पाहू लागल्या.

"इथे दुखतंय?"

"हो."

"आणि इथे?"

"इथे जास्त."

त्या गाठ शोधत होत्या, आई बोट दाखवून मदत करत होती. मी ओरडलोच, "दिलेलंच नाहीये! मी खोटं बोललो."

बाईंनी हात मागे घेतला, दिवस मोजले. "नऊ दिवस उशीर. या औषधाला एवढं चालतं. आज देऊ, नेहमीचाच डोस, भरपाई म्हणून दुप्पट नाही. पुन्हा चुकलं तर लगेच मला फोन करायचा. थापा मारायच्या नाहीत."

आई माझ्याकडे बघेना. दादा पँट सावरत उठून बसला. तो शिव्या घालेल असं वाटलं, मी तयारच होतो.

"म्हणजे मला आठवत होतं, ते खरं होतं?" त्याने विचारलं. मला नाही, डॉक्टरांना.