फळं आली की

तिला सगळे ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा यात नवल नाही, पण भावजय म्हणायची, दूधवाला म्हणायचा, तिच्याहून वयाने थोर असलेले शेजारी म्हणायचे, आणि अलीकडे तर वडीलही पोटच्या मुलीला ताईच म्हणू लागले होते. शब्द मोठा गोड. पण बाई एकदा जगाची ताई झाली की तिच्याकडे कुणी काहीही मागावं आणि तिने नाही म्हणू नये, असा जणू कायदाच होतो.

आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. त्याची शाळा संपेपर्यंत ताई थांबली. मग त्याला नोकरी लागेपर्यंत, मग त्याचं लग्न होईपर्यंत. दर वेळी घरातलं कुणीतरी म्हणायचं, "एवढं होऊ दे, मग तू मोकळी." हा ‘एवढं’ शब्द दिसायला चिमुकला, पण भारी लबाड. त्याच्या पोटातून दुसरं ‘एवढं’ निघतं आणि दुसऱ्याच्या पोटातून तिसरं. ताईचं स्वतःचं लग्न त्यातच कुठेतरी राहून गेलं. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. तिनेही नाही.

तिची म्हणून एकच जागा होती, चष्म्याच्या दुकानाची मागची खोली. तिथे ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. खिडकीजवळ टेबल, टेबलावर दिवा, बाजूला घासायच्या चाकाची घरघर. काच नेमकी बसली की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तो ऐकला की ताईला पोटभर जेवल्यासारखं वाटे. दुकानाची मालकीण तोंडाची फटकळ होती, पण ती एकटीच हिला ताई म्हणत नसे. कारागीर म्हणे. आधी थट्टेने म्हणायची, मग खरोखरच म्हणू लागली.

आणि मग वडिलांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय गेला, एका कानाने आधीच रजा घेतली होती. धाकटा म्हणाला, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. त्याला नोकरी होती, भावजयीला नोकरी होती. ताईलाही होती, पण ती सोडेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

दुकानातल्या शेवटच्या दिवशी मालकिणीने आपल्या बागेतली ब्लूबेरीची तीन रोपं मोठाल्या कुंड्यांत लावून गाडीतून घरी आणून दिली. घरी बसून सडशील, यांच्याकडे बघ, म्हणाली. मग उंटावरून शेळ्या हाकल्यासारख्या गाडीत बसूनच सूचना दिल्या. पहिली दोन वर्षं फुलं आली तरी खुडून टाकायची, म्हणजे झाड मुळांकडे लक्ष देतं. पाणी पावसाचं साठवून घालायचं, नळाचं नको. नळाच्या पाण्याने तुमच्या किटलीत पांढरा थर बसतो, तोच मुळांवर बसेल.

स्वयंपाकघराच्या मागे धुणं वाळत घालण्यापुरतं अंगण होतं. तिथे कुंड्या मांडल्या. ताईने हौसेने जुन्या फुटक्या टबात स्ट्रॉबेरी लावली आणि भिंतीच्या कडेला रास्पबेरीची एक काडी खोचली. ती काडी अशी माजली की पुढच्या वर्षी शेजाऱ्यांच्या अंगणात डोकी वर काढू लागली. वडिलांची खुर्ची मागच्या दाराशी, कुंड्यांना लागूनच असे. उभा जन्म बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलेला माणूस. कुठलीही वस्तू दिसली की तिच्यात बिघाड काय आहे, हे बघायची खोड. खुर्चीत बसून ते दिवसभर झाडांकडे बघत.

वर्षभराने मालकिणीचा फोन आला. समुद्राकाठच्या एका गावी तिने दुसरं दुकान काढलं होतं. काचांचं सगळं काम ताईने सांभाळावं, वर एक खोली आहे, खिडकीतून पाणी दिसतं. ताईला इतका आनंद झाला की पाठोपाठ भीतीच वाटली. घरून सोडणार नाहीत हे सांगायची तिला लाज वाटली. म्हणून ती हसत म्हणाली, "तुमची झाडं अजून लहान आहेत ना. फळं आली की येते."

झाडांचा विषय निघाल्यावर मालकिणीने विचारलं, मातीत ॲसिड आहे ना नीट? ताई म्हणाली, आहे हो, मातीत ॲसिड भरपूर आहे. वडील दाराशी बसून चांगल्या कानाने सगळं ऐकत होते.

‘फळं आली की’ ही घरात म्हणच होऊन बसली. धाकटा पाहुण्यांना सांगे, ताईला मोठी नोकरी चालून आली आहे बरं का, फळं आली की जाणार. भावजय हसायची. दोघंही माणसं वाईट नव्हती. फक्त कुंड्यांकडे बघून निश्चिंत होती.

कारण फळं येईनात. पुढच्या वसंतात पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग फिका, दुखणाईतासारखा. ताईने पावसाचं पाणी घातलं, पाइनची सुईसारखी वाळकी पानं आणून पसरली, पक्ष्यांसाठी जाळी लावली. स्ट्रॉबेरी झाली, रास्पबेरी तर फुकट्या पाहुण्यासारखी हात पसरून झाली. ब्लूबेरी मात्र खंगतच गेली. खुडायला फुलंच उरली नाहीत.

याच सुमारास वडिलांच्या छातीतली जळजळ वाढली. डॉक्टरने चघळायच्या पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. ताई जेवणानंतर गोळी त्यांच्या उजव्या हातात ठेवायची आणि ते म्हणायचे, बाहेर बसून निवांत चघळतो. तरी जळजळ थांबेना. ताईने डॉक्टरला सांगितलं. डॉक्टरने दुप्पट गोळ्या लिहून दिल्या.

ताईचे दिवस एकासारखे एक होते. सकाळी वडिलांना उठवायचं, कुशीवर वळवून पाठ पुसायची, सदऱ्याच्या बाहीत मेलेला हात आधी घालायचा आणि जिता मागून. मग नाश्ता, मग खुर्ची बाहेर. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ती जायची, पण कान घराकडेच असायचे. कधी वडिलांची पाठ पुसता पुसता तिचा जीव असा गुदमरायचा की ती न्हाणीघरात जाऊन नुसताच नळ सोडून उभी राहायची. आणि खरं सांगायचं तर, एखाद्या सकाळी नवं पिवळं पान दिसलं की तिला हायसं वाटायचं, चला, आज काही ठरवायला नको. मग त्या हायसं वाटण्याचाच तिला संताप यायचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती स्वतःलाच म्हणायची.

तिसऱ्या वर्षी मालकिणीचा आवाज बदललेला होता. तात्पुरती माणसं ठेवून ठेवून ती कंटाळली होती. महिनाअखेरीला कायमचं माणूस घेणार, म्हणाली. "कारागीर, मला झाडाचं सांगू नकोस. तुझं सांग."

ताई दुसऱ्या दिवशी पानं घेऊन रोपवाटिकेत गेली, कुंडीतली चिमूटभर मातीही पुडीत बांधून. रोपवाटिकेवाल्याने माती पाण्यात कालवून कागदी पट्टी बुडवली आणि विचारलं, "चुना कोण घालतं यात?" ताई म्हणाली, कुणीच नाही. तो म्हणाला, मग तुमच्याकडे चुन्याचा पाऊस पडत असेल. या झाडाला आंबट, ॲसिडवाली माती लागते, तुमच्या मातीतला आंबटपणा कुणीतरी मारून टाकला आहे, मुळं धुऊन नव्या मातीत लावा.

ताई घरी आली, वडिलांच्या खुर्चीजवळची कुंडी तिने आडवी केली आणि झाड बाहेर ओढलं. मातीचा गोळा फुटला. आत शर्टाच्या बटणांसारख्या पांढऱ्या चकत्या होत्या. काही अर्ध्या विरघळलेल्या, काही ओल्या पिठासारख्या, आणि वरच्या तर इतक्या ताज्या की त्यांच्यावरची मधली रेघही दिसत होती. ती रेघ ताईला पाठ होती. रोज तीच तर गोळी ती वडिलांच्या हातात ठेवत होती.

ती तशीच मातीच्या हातांनी उठली. इतक्या वर्षांत ती वडिलांवर कधी ओरडली नव्हती, आताही ओरडली नाही. पण तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मी जाऊ नये म्हणून घातल्यात ना?"

वडिलांनी तिच्या तळहाताकडे पाहिलं. पकडल्या गेलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो. उलट चांगलं काम उघडकीला आल्यावर माणूस लाजतो तसे ते लाजले.

"तूच म्हणाली होतीस फोनवर," ते सावकाश, जड जिभेने म्हणाले. "मातीत ॲसिड भरपूर झालंय म्हणून. मला ॲसिडिटी झाली की अन्न ठरत नाही. झाडाला फळ कसं ठरेल? बिघाड मुळात होता. मूळ धरूनच गोळ्या खोचल्या."

"आणि तुमची जळजळ?"

"ती काय, सोसवते. तुला फळं आली की जायचं होतं ना?"

ताई उंबऱ्यावर बसली. तिला हसू आलं, आणि ते हसू कधी रडू झालं ते तिला कळलं नाही. या घरात एका माणसाला तिने जावं असं वाटत होतं. तो छातीत आग घेऊन रोज आपलं औषध तिच्या सुटकेवर खर्च करत होता, आणि त्या औषधानेच दाराला कडी घातली होती. वडिलांनी मुद्दाम अडवलं असतं तर ती त्या रागाच्या भरात आजच निघाली असती. आता अशा बापाला सोडून जायचं कसं? इकडे आड, तिकडे विहीर.

"यंदा येतील का?" वडिलांनी विचारलं.

येणार नव्हती. नव्या मातीत मुळं धरायला दोन वर्षं, दोन्ही वर्षं फुलं खुडायची, मग कुठे फळं. ताईने डोळे पुसले आणि तोंड उघडलं. ‘एवढी मुळं धरू देत, मग बघू’, हे वाक्य तिच्या जिभेवर तयारच होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आपलं आपणच आलं होतं. ते तिला आपल्या तोंडात लख्ख ऐकू आलं आणि ती दचकली.

तिने ते वाक्य गिळलं. आत जाऊन हात धुतले, गोळी आणली आणि वडिलांच्या समोर उभी राहिली. म्हणाली, आ करा. गोळी जिभेवर ठेवली आणि ती चघळून, गिळून होईपर्यंत जागची हलली नाही. वडिलांनी तोंड वाकडं केलं. झाडाने ही चव दोन वर्षं कशी सोसली कोण जाणे, म्हणाले.

संध्याकाळी धाकटा आणि भावजय आल्यावर तिने दोघांना स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. बाबांचा मेलेला हात बाहीत आधी घालायचा. पाठ कुशीवर वळवून पुसायची. गोळी हातात द्यायची नाही, तोंडात घालायची आणि समोर उभं राहायचं. धाकटा आधी हं हं करत राहिला, मग त्याच्या लक्षात आलं. त्याने दारातून आडव्या पडलेल्या कुंडीकडे पाहिलं. "पण ताई, झाडं तर अजून... म्हणजे निदान बाबांची काही सोय होऊ दे. एवढं झालं की..."

"एवढं आता तू कर," ताई म्हणाली.

भावजय उठून बाबांचा सदरा दोरीवरून काढून आणायला गेली. तो अजून ओला होता. ताईला ते दिसलं, आणि ती सवयीने सांगायला उठली, आणि पुन्हा बसली.

मग तिने फोन लावला. पलीकडे घासायच्या चाकाची घरघर ऐकू येत होती. मी बोलतेय, एवढंच ती म्हणाली.

"बोल, कारागीर," मालकीण म्हणाली. "फळं आली वाटतं?"

"नाही आली," ताई म्हणाली. "मी येते."