मावशीची फारकत

दुपारपासून मन जागेवर नाही, म्हणून इथं लिहितेय.

माझी मावशी तिसगावात एकटीच राहते. सरकारच्या निराधार योजनेच्या पगारासाठी तिला आज पाथर्डीच्या तहसीलला नेलं होतं. बारा वर्षं ट्रंकेत जपलेली, नोटरीचा शिक्का मारलेली फारकत तिनं पुढं केली. क्लार्क म्हणाले, "हे चालत नाही. कोर्टाचा हुकूम आणा."

बाहेर एका वकिलांनी कागद वाचला. "नोटरीसमोर अंगठा दिला होता का?"

"न्हाई. सासरच्यांनी जीपमधीच घेतला. त्या सायबाला मी बघितलंबी न्हाई."

"मग त्या नोटरीविरुद्ध तक्रार करता येईल. आणि नुसत्या नोटरीनं घटस्फोट होत नाही. कायद्यानं तुम्ही अजून नवराबायकोच आहात."

माझं डोकं तापलं होतं. मावशी मात्र कागदाची घडी घालून पिशवीत ठेवत होती. स्टँडवर आल्यावर हळूच म्हणाली, "त्यास्नी ठावं आसंल का गं हे?"

तिचे यजमान, म्हणजे काका, कोल्हारला असतात. दुसरं लग्न केलं नाही, एवढंच ऐकून आहे.

थोड्या वेळानं तिनं पदर सारखा केला. "कोल्हारची गाडी किती वाजता हाय?"

बारा वर्षांत तिनं त्यांचा विषय काढला नव्हता. मी तिला समजावून माझ्यासोबत तिसगावच्या गाडीत बसवलं. वाटभर ती खिडकीबाहेर बघत होती.

चुकलं का हो माझं?