मालूताईंची विसरलेली छत्री

बुधवारी सकाळी अकोल्याच्या जठारपेठेतून निघालो, तेव्हा माझा अवतार बघण्यासारखा होता. पांढराशुभ्र झब्बा, खांद्यावर शबनम पिशवी आणि चेहऱ्यावर हौशी रंगभूमीवर कमावलेलं गंभीर दुःख. एरवी मी दुःख फार वाईट करतो, प्रेक्षक हसतात. त्या दिवशी मात्र ते खरं होतं. मोर्शीच्या रशीदचाचांना सांगायचं होतं, की मालूताई गेल्या.

मालूताई समुपदेशक होत्या. कापसाच्या त्या वाईट वर्षांत वऱ्हाडातल्या ज्या घरात कुणाचं जगण्यावरून मन उडालेलं असे, तिथे त्या जाऊन बसत. मी त्यांचा ड्रायव्हर, हमाल आणि टीकाकार. त्यांची एक खोड होती. निघताना हटकून काहीतरी विसरायच्या, बहुधा छत्रीच. मग गाडीतून ओरडायच्या, "राहू द्या आता! सांभाळून ठेवा, पुढच्या बुधवारी नेते."

"ताई, आधी स्वतःच्या विसरण्यावर उपचार करा," मी म्हणायचो.

"अरे, छत्री सांभाळायची तर बुधवारपर्यंत माणसाला असावं लागतं ना!"

शेवटची छत्री रशीदचाचांकडे राहिली होती. चाचा पिंजारी, गाद्या भरणारे. बायको गेली आणि त्यांनी दुकान, जेवण, बोलणं सगळंच बंद केलं. ताईंशी मात्र चार शब्द बोलू लागले होते. आता ताईच नाहीत म्हटल्यावर चाचा कुठल्या बुधवारची वाट बघणार? या धास्तीने मी तीन महिने जायचं टाळलं होतं.

अमरावतीला गाडी बदलायची होती. दुःखी माणसाने गिला वडा (दह्यात बुडवलेला उडदाचा वडा) खाऊ नये, असा काही नियम नाही. वरच्या हिरव्या मिरचीने डोळ्यांत पाणी आलं आणि दही झब्ब्यावर. शेजारच्या आजोबांनी पाठीवर हात ठेवला. "मयतीले चालले का जी?"

"नाही हो, मिरची!"

मोर्शीच्या वाटेवर दोन्हीकडे संत्र्याच्या बागा होत्या. मी खिडकीशी बसून वाक्यं पाठ करत होतो. 'चाचा, मन घट्ट करा...' छे, फारच नाटकी.

आणि चाचांच्या दुकानाला कुलूप! शेजारच्या टपरीवाल्याला विचारलं. त्याने शांतपणे चहा गाळला.

"चाचा? ते आता नाही भेटत जी."

मी बाकड्यावर बसलोच.

"बुधवारी ते रिद्धपूरले रायतात. उद्या या."

त्याच्या हातात उकळता चहा नसता, तर मी त्याला मिठीच मारली असती.

रिद्धपूर म्हणजे महानुभावांचं मोठं तीर्थ. गल्लीगल्लीत 'दंडवत प्रणाम' ऐकू येत होतं. देवळाकडच्या वाटेवर एका प्रसादाच्या दुकानात ती छत्री दिसली. मोडकी काडी लाल दोऱ्याने बांधलेली, ताईंचीच. मी हात लावला, तोच गल्ल्यामागून एक म्हातारी कडाडली, "काहून जी? ठिव ते खाली! बुधवारची आहे ते!"

आतून हसण्याचा आवाज आला. रशीदचाचा! मांडीवर म्हातारीची उशी, दाढीत कापूस.

"राहू दे कौतिकाबाई, आपलाच मानूस आहे."

मी पाठ केलेलं पहिलं वाक्य उच्चारायला तोंड उघडलं.

"मले मालूम आहे," चाचा म्हणाले. "पेपरात वाचलं. लय दिवस छत्री समोर घेऊन बसलो. वाटलं, कोनी तरी न्यायले येईन. कोनी नाही आलं."

मी मान खाली घातली.

"मंग ह्या बाईचं समजलं. लेक गेली, दुकान बंद करून भिताडाकडं तोंड करून पडली होती. गिऱ्हाईक होती माही, उशी द्यायले आलो होतो. निंगालो, अन् छत्री इसरलो."

"मुद्दाम?"

"मंग? ताई पौषाच्या थंडीत छत्री घेऊन येत होत्या, भाऊ. इतका येडा आहे का मी?"

"दर बुधवारी येते अन् पुन्हा इसरून जाते," कौतिकाबाई म्हणाल्या. "मी म्हनतो, मानसाले औषध द्या कोनी!"

मी इतका हसलो, की डोळे पुसावे लागले. या वेळी मिरची नव्हती. चाचा माझ्याकडे बघत राहिले. कौतिकाबाईंनी दिलेला चहा माझ्यासमोर तसाच निवला होता, हे मला मागाहून आठवलं.

संध्याकाळी घरी शबनम उपसताना बोटाला टचकन टोचलं. जाड कागदात गुंडाळलेली गादी शिवायची वीतभर सुई होती. पिंजाऱ्याचा उजवा हातच तो. मी घाईघाईने फोन लावला.

"चाचा, तुमची सुई माझ्या पिशवीत आली!"

"आली का? म्हातारा झालो, भाऊ. सांभाळून ठिवा. बुधवारी रिद्धपूरहून तसाच येतो अकोल्याले."

"अहो, मी पाठवतो ना कुणाबरोबर! मला काय झालंय?"

"कायी नाही झालं. चहा तेवढा गरम पाजजा."

फोन ठेवला आणि ताई गेल्यापासून पहिल्यांदाच मी मनसोक्त रडलो. अभिनय अजिबात नव्हता. मग सुई कपाटात जपून ठेवली. येत्या बुधवारी मी कुठेही जाणार नाही.