गंगारामची दोरी

ही गोष्ट सांगायचं मी आयुष्यभर टाळलं. गेल्या महिन्यात आरोंद्याहून भाच्याचा फोन आला. गंगाराम गेला. ज्याच्या भीतीने टाळत होतो तोच उरला नाही...

साठ सालाच्या आसपास गंगाराम खाडीकाठच्या मांगरात, म्हणजे एका खोपटात, लाकडी वाडगे, ताटल्या, पेले कातायचा. लाकूड बसवलेल्या दांड्याला वेढे दिलेली दोरी मी दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची. लाकूड सुलट फिरताना तो पटाशी टेकवी, उलट फिरताना उचलून घेई. फिरत्या वाडग्याला लाखेची कांडी लावली की रंग वितळून पसरायचा, मग केवड्याचं पान दाबून तो चमक आणायचा. तो वास, खाडीवरचा उजेड, दोरीची घरघर... मला जागेपणी स्वप्नं पडत. मी काही बोलू लागलो की तो म्हणे, "बोला नको रे बाबल्या, ताल चुकतलो."

एकदा बांद्याचे एक शेट आले. मुंबईच्या दुकानासाठी त्याचा माल कायमचा घ्यायचा त्यांचा विचार होता, पण आधी त्याचा हात बघायचा होता. गंगाराम आदल्या दिवसापासून खुशीत होता. आता आपण दोघे म्हातारे होईपर्यंत इथेच, असं सारखं म्हणत होता. मामाने मुंबईत माझ्यासाठी काम ठरवलं होतं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. शेटचं काम मिळालं असतं तर त्या दोरीतून माझी सुटका नव्हती.

शेटसमोर कातताना वाडगा पातळ होत आला होता. पटाशी टेकलेली असतानाच मी दोरी उलटी खेचली. मुद्दाम. वाडगा तडकला.

"ह्याचो हात थरथरता," शेट म्हणाले.

गंगारामने माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे पाहत राहिलो.

"होय," तो म्हणाला, "माझोच हात चुकलो."

बाजारात तेच बोललं गेलं. पुढे त्याच्याकडे लाटणी नि भोवरे तेवढे करायला येत. मी मुंबईला निघालो तेव्हा त्याने तोच वाडगा मला दिला, तडा लाखेने बुजवून. त्यात आम्ही मीठ ठेवतो. आत्ताही तो समोर आहे.

गेल्या वर्षी त्याला भेटायला गेलो. डोळ्यांनी त्याला फारसं दिसत नव्हतं, पण दोरी मांगरात तशीच होती. "वडतंस काय रे?" त्याने विचारलं. मी दोरी धरून बसलो. हळूहळू हातांना जुनी लय सापडली, पायाशी लाकडाच्या छिलक्यांचा ढीग वाढू लागला, आणि मला वाटलं, आता.

"गंगाराम, त्या दिवशी मी..."

"बोला नको रे बाबल्या," तो काम न थांबवता म्हणाला, "ताल चुकतलो."

मी दोरी ओढत राहिलो.