माळ्यावर मामाजींबरोबर

माझ्या सासऱ्यांना प्रश्न विचारलेला चालत नसे. मी त्यांना मामाजी म्हणते, आमच्याकडच्या सुना तसंच म्हणतात. बोअरिंगचं पाणी लाल का येतंय असं विचारलं तरी ते म्हणायचे, "देवाची मर्जी." आणि मी गप्प बसले नाही तर, "तुले सगळंच काऊन मालूम पायजे असते?"

सिंदेवाहीपासून थोडं आत, जंगलाला लागून आमचं गाव. नवरा बल्लारपूरला कागद कारखान्यात. सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा, शनिवारी यायचा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, मामाजी आणि मी. मी शेजारच्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. दिवसभर मुलांना 'का' विचारायला लावायचं आणि घरी येऊन स्वतःचा 'का' पायताणांबरोबर बाहेर काढून ठेवायचा, असं माझं चाललं होतं.

देवावर माझा विश्वास नव्हता असं नाही. माझी आई देवापुढे उभी राहून चक्क भांडायची. "माझ्या पोरीले ताप काऊन आणलास रे? काय केलं तिनं?" असं मोठ्यानं विचारायची, मग नाक पुसायची आणि मला खांद्यावर घेऊन दवाखान्यात जायची. मला वाटायचं, प्रार्थना अशीच असते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा कळलं की इथे प्रार्थना म्हणजे मान खाली घालून ऐकणं.

मारुतीच्या देवळात रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. ती मामाजी सांगायचे. प्रार्थना झाली की दोन शब्द बोलायचे आणि गाव ते मन लावून ऐकायचं. आवाजच तसा होता त्यांचा. एका वर्षी आमच्या भागात वाघ-बिबट फार फिरत होते. लोक घाबरलेले. तेव्हा मामाजी देवळात म्हणाले, "ज्या घरात सांज-सकाळ दिवा लागते, त्या घराचा उंबरठा जनावर नाई वलांडत. लिहून ठेवा." लोकांनी माना डोलावल्या. मी बायकांमध्ये बसले होते. तोंडातून निघून गेलं, "पण मामाजी, खालच्या आळीत गोठ्यातून बकरी नेली, त्यांच्याकडे बी दिवा लागतेच ना?"

मामाजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "काई लोकं देवाचीबी परीक्षा घ्याले निघतेत," एवढंच म्हणाले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवायचे, भात कच्चा असेल तर ताट सरकवायचे. बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, "मास्तरीण लय शिकली व्हय." नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सोड ना. त्यांचं वय झालं आता." सोडून जाणार कुठे? त्याची खोली तिकडे दोन मित्रांबरोबर, माझी नोकरी इकडे. त्या घराला दारं दोन होती, पण मला बाहेर पडायला एकही नव्हतं. मी बोलणं बंद केलं. हो, नाई, चहा घ्या, भात झाला. एवढ्यावर माणूस वर्षभर राहू शकतो, हे मला तेव्हा समजलं.

त्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मोहफुलांचे दिवस होते. पहाटेच सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जातं आणि ऊन चढल्यावर परततं. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी चुलीजवळ, मामाजी दिवा लावून, पूजा आटोपून स्वयंपाकघरात चहा घेत बसलेले. मागचं दार उघडं होतं. आमच्या ओसरीवर झोपणारा कुत्रा त्या दारातून बाणासारखा आत आला, आमच्यामधून निघून पुढच्या दारानं पळाला. त्याच्यामागे पिवळं काहीतरी आलं. मला आधी वाटलं दुसरा कुत्रा. मग ठिपके दिसले.

बिबट स्वयंपाकघर ओलांडून मधल्या खोलीत गेला. तिथे घसरला बहुतेक, कारण भांडी पडल्याचा मोठा आवाज झाला. पुढे कुठेतरी मोटरसायकलचा हॉर्न वाजला आणि तो बाहेर जायच्या ऐवजी तिथेच थांबला. मागच्या दाराकडे जायचं तर मधल्या खोलीच्या दारासमोरून जावं लागलं असतं; माळ्यावर जायची शिडी मात्र हाताशीच होती. मी मामाजींच्या दंडाला धरलं. लग्नानंतर मी त्यांना पाया पडतानाच काय तो हात लावला असेल. त्यांना पुढे घातलं, मागून ढकललं. वर पोचल्यावर माळ्याची फळी आपटून बंद केली आणि दोघांनी मिळून तिच्यावर धानाचं पोतं ओढलं.

मग आम्ही नुसते धापा टाकत बसलो.

माळा बुटका. उभं राहता येत नव्हतं. वर कौलं तापायला लागली होती. जुनं तनस, म्हणजे भाताचा पेंढा, धानाची धूळ, उंदरांचा वास. फळ्यांच्या फटीतून मधली खोली दिसत होती. बिबट देवघरासमोर पलंगाखाली शिरला होता. शेपटी आणि पाठीचा तुकडा दिसत होता, पाठ भरभर वरखाली होत होती. तोही घाबरलेला होता. देवघरात मामाजींनी लावलेला दिवा तसाच जळत होता.

माझा फोन खाली चार्जिंगला. मामाजींचा बटणांचा फोन मात्र बंडीच्या खिशात होता.

"मामाजी, पोलीस पाटलाले फोन लावा," मी हळूच म्हणाले.

त्यांनी खिशावर हात ठेवला. "काई गरज नाई."

"म्हंजे?"

"देवीचं वाहन हाये ते. पाह्य कुठी येऊन बसलं. देवापुढं. आपल्या मनानं आलं, आपल्या मनानं जाईन."

मी एक कौल सरकवून बाहेर ओरडून पाहिलं. आळीत कोणीच नव्हतं. माझ्या आवाजानं खालून अशी गुरगुर आली की माझ्या हातातून कौल निसटलं. मामाजी म्हणाले, "चूप बस. खवळवू नको त्याले." ते डोळे मिटून जप करू लागले.

आणि मग मला शेजारची मावशी आठवली. ती म्हातारी मोहफुलं वेचायला जात नसे. रोज ऊन थोडं वर आलं की आमच्या पुढच्या दारानं यायची, देवघरात दोन फुलं ठेवायची, मग मला हाक मारायची. तिला कमी दिसायचं. कमी ऐकूही यायचं. पुढचं दार सताड उघडं होतं.

"मामाजी, मावशी येईन आता."

"देवाच्या दर्शनाले येते ते. तिले काई नाई होत."

"तुमाले कसं मालूम?"

"पुन्हा तेच!" ते दबक्या आवाजात ओरडले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुले इस्वासच नाई. वर्सभर पाहून राह्यलो मी. घरात दिवा लावतो मी, घासाच्या भांड्यावानी पाहते तू त्याच्याकडं!"

मला उत्तरं सुचत होती. सगळी बरोबर होती. बिबट कुत्रं खायला येतो, बिबट्याला पूजा कळत नाही, गोठ्यातली बकरी. वर्षभर साठवलेली एकेक गोष्ट जिभेवर आली. पण त्या बुटक्या माळ्यावर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले असताना मला ती वाक्यं आधीच ऐकू आली आणि त्यावरचं मामाजींचं उत्तरही ऐकू आलं. मी जिंकले असते आणि फोन त्यांच्या खिशातच राहिला असता.

मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, 'या माणसाशी कसं बोलू, ते तूच सांग.' आईसारखं, भांडल्यासारखंच म्हटलं. आकाशवाणी काही झाली नाही. पण मी मामाजींच्या हाताकडे पाहिलं. खिसा त्यांनी मुठीत आवळून धरला होता, आतला फोन आपणहून वाजेल की काय असा. या माणसाला फोन नको आहे असं नव्हतं. या माणसाला फोनची भीती वाटत होती.

"मामाजी," मी म्हणाले, "फोन केला तर काय होईन, असं वाटून राह्यलं तुमाले?"

हा प्रश्न त्यांना अडकवायला विचारलेला नव्हता. मला खरंच ठाऊक नव्हतं. बहुतेक तेच त्यांना जाणवलं. ते फटीतून खालच्या दिव्याकडे पाहू लागले.

"गाडी येईन," ते म्हणाले. "जंगलवाल्याइची. दारात उभी राहीन. सारं गाव जमन." मग थांबून, "मी देवळात सांगतलं होतं. दिवा असला की जनावर येत नाई म्हणून. लोकं मले काय म्हणतीन?"

मला इतके दिवस वाटत होतं की या घरात मी एकटीच कोंडले गेले आहे. ते तर माझ्यापेक्षाही लहान जागेत बसले होते. देवळात सगळ्यांसमोर काढलेल्या एका वाक्यात. त्यातून मागे यायला त्यांना कुणी जागाच ठेवली नव्हती, आणि मी बायकांमधून विचारलेल्या त्या प्रश्नानं होती ती फटसुद्धा बुजली असावी. मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. दया आली असंही नाही म्हणणार. शेजारी बसलेला माणूस दिसला, इतकंच.

"सासूबाई दिवा कायले लावत होत्या?" मी विचारलं. "जनावर येऊ नये म्हणून?"

"नाई व." ते पटकन म्हणाले. "तिले अंधार आवडत नव्हता. पाहुणा आला तं देव अंधारात बसला दिसते, बरं नाई वाटत, असं म्हने." घाम त्यांच्या कानामागून वाहत होता. माझ्याकडे न पाहता त्यांनी खिशातून फोन काढला. मला दिला नाही. स्वतःच बटणं दाबली.

"पाटील भाऊ, मी बोलून राह्यलो. घरात बिबट शिरला. खरंच सांगतो. आमी माळ्यावर हाओ. पयले आमच्या आळीतल्या म्हातारीले अडव. बाकी मंग."

पाटील धावतच आले असावेत. मावशीला त्यांनी आमच्या कुंपणापाशी धरलं. तिला वाटलं ते चेष्टा करतायत, ती त्यांच्यावर खेकसत होती, ते वरपर्यंत ऐकू येत होतं. आम्ही दोघंही हसलो. एकाच वेळी, एकाच गोष्टीवर. असं पहिल्यांदाच झालं.

त्यानंतर सुटका लगेच झाली नाही. वनविभागाची गाडी यायला वेळ लागला. तोवर जंगलातून परतलेलं गाव जमलं, आरडाओरडा सुरू झाला, कुणीतरी कौलांवर दगड मारला. बिबट पलंगाखालून निघून भिंतींवर आपटू लागला. आमच्या पोत्याखालची फळी एकदा खालून हलली. मी मामाजींचा हात धरला आणि त्यांनी तो सोडवला नाही. ते जप करत होते, मीही करत होते. माझे शब्द वेगळे होते, पण त्या वेळी तरी ते त्यांनी तपासले नाहीत. शेवटी खिडकीतून बेशुद्धीचं इंजेक्शन मारलं, जाळीत घालून त्याला नेलं आणि आम्ही शिडीवरून उतरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊळ भरलं होतं. मामाजींनी सगळं सांगितलं. देवीचं वाहन कसं आलं, देवघरासमोर कसं बसलं, आपण जप कसा केला. फोनचा शब्द नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, खरं का म्हणून. मी पुन्हा त्याच जागी, बायकांमध्ये, अडकलेली. हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर तेच वर्ष पुन्हा सुरू.

"मामाजींनी जप केला," मी म्हणाले. "अन् मावशीसाठी फोनबी त्याइनंच केला. ते नसते तं मावशी आज इथी नसती."

मावशी मागून म्हणाली, "काय म्हनली ते?" कुणीतरी तिच्या कानात ओरडून सांगितलं. तिनं बसल्या जागेवरूनच मामाजींना हात जोडले. मामाजींनीही तिला हात जोडले. मग म्हणाले, "फोन केला, हो. दिवा होता, तरी जनावर आलं. मी बोललो होतो ते चुकलं." आणि लगेच प्रार्थनेला सुरुवात केली, कुणी काही विचारायच्या आत.

घरी येताना वाटेत ते चिडलेच. "फोनचं सांगाची काय गरज होती तुले?" मी म्हटलं, "होती." त्यावर त्यांनी पायातली चप्पल जरा जोरात आपटत चालायला सुरुवात केली. पण रात्री ताट सरकवलं नाही.

मामाजी बदलले असं मी कुणाला सांगत नाही. ते आजही अवघड आहेत. आजही माझा भात कच्चा असतो, वर्तमानपत्र आधी त्यांनाच लागतं, आणि कितीतरी संध्याकाळी मला वाटतं की हे घर सोडून बल्लारपूरला खोली करावी. एक मात्र झालं. समोरच्या माणसाला उत्तर देण्याआधी तो कुठे अडकलाय ते विचारायची मला सवय लागली. वर्गात, घरात, प्रार्थनेतही. कधी जमतं, कधी तोंड आधी चालतं.

मागच्या दिवाळीत नवऱ्यानं त्यांना मोठा फोन आणून दिला. आता त्यावर रोज काहीबाही येतं. कुठल्या झाडाच्या पानानं कुठला रोग जातो, कोण कुठे काय म्हणालं. परवा मी वह्या तपासत बसले होते. ते आले, चष्मा कपाळावर, फोन माझ्यापुढे धरला.

"हे खरं असन का, बाई?"

मी वाचलं. मला सांगता येत नव्हतं.

"मालूम नाई, मामाजी. कोणं पाठवलं?"

"तेच तं," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी खाटेवर बसून मागचे निरोप एकेक करून वर सरकवायला लागले.