बाबांचं वजन, बिडाच्या हिशोबाने

बाबा मुलुंडच्या एका फाउंड्रीत एस्टिमेटर होते. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की वस्तू ओतण्याआधीच तिचं वजन सांगायचं, हे त्यांचं काम. आकार कितीही वाकडातिकडा असो, त्याचे मनातल्या मनात गोळे, सळ्या आणि पेट्या करायच्या, घनफळ काढायचं आणि बिडाच्या घनतेने, म्हणजे सात पॉइंट दोनने, गुणायचं. हा नाद घरीही सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत ते समोरच्या व्याह्यांचं घनफळ काढत. एका दिवाळीत आईच्या बेसनाच्या लाडवाची घनता त्यांनी अॅल्युमिनियमच्या आसपास ठरवली, तेव्हा भाऊबीजेपर्यंत त्यांना चहा मागून घ्यावा लागला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, लांबलेल्या आजारपणानंतर ते गेले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट नव्हती, आणि जिना बिल्डरला शेवटी आठवला असावा, इतका अरुंद. समोरचे आजोबा गेले तेव्हा त्यांना त्याच्या वळणावरून बांधून, उभं करून, कपाटासारखं उतरवलेलं आईने पाहिलं होतं. तिने एवढंच सांगितलं, "ह्यांना उभं करू नका. आडवेच न्या."

म्हणून तिरडी खाली अंगणात न बांधता वरच गॅलरीत बांधली. पण वळणावर ती आडवी फिरवायची तर कठड्याच्या वर, हात ताणून उचलायला हवी, आणि तिथे चौघांपलीकडे पाचवा माणूस मावत नव्हता. चौघांना बाबा झेपतील का? आजारपणात ते किती उतरले होते, कुणालाच ठाऊक नव्हतं. खुर्चीत बसवून न्यावं, म्हणजे ना उभे ना आडवे, असा तोडगा एका शेजाऱ्यांनी काढला. आईने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तेव्हा काका उठले. ते बाबांचे फाउंड्रीतले सोबती, शेजारच्या टेबलावर तेच काम करणारे. त्यांनी खिशातून टेप काढली. मयताला येतानाही टेप बरोबर आणली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. चादरीवरूनच त्यांनी मापं घेतली: डोक्याचा गोळा, हातापायांच्या सळ्या, धडाची चपटी पेटी. भटजी ताटकळले. काका डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "तीनशे पंचेचाळीस किलो."

कुणी हरकत घेतली नाही. जमलेले निम्मे फाउंड्रीतलेच, त्यांना आकडा रोजच्यातला वाटला. एकाने तर चेनपुली कुठे मिळेल अशी हळूच चौकशी केली.

भिंतीला टेकून बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "भावोजी, ते बिडाचे नव्हते."

आधी काका हसले, मग रडले, मग दोन्ही एकदम. आईने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते. दारातल्या बायकांना ते रडणं वाटलं आणि त्यांनीही मोठ्याने गळा काढला.

"माणसाला किती धरायचं रे?" काकांनी मला विचारलं. घरात पुस्तकं वाचणारा मीच.

"पाण्याइतकंच. एक धरा."

अठ्ठेचाळीस आले. काकांनी टेप गुंडाळली. चौघं पुरे.

पुढचा एक खांदा माझा, मागचा एक काकांचा. पहिल्या वळणावर आम्ही तिरडी कठड्याच्या वर उचलली आणि माझे दंड थरथरू लागले. अठ्ठेचाळीसपेक्षा हे खासच जास्त होतं.

"बांबू धरायचा राहिला," मागून काका धापा टाकत म्हणाले. "ओला आहे मेला. तुझा बाप असता तर या चुकीसाठी मला टेबलावरून उठवलं असतं."

"खाली करू का?" माझ्या शेजारच्याने विचारलं. कठड्याच्या खालून वळायचं म्हणजे उभंच करावं लागलं असतं.

"हात मोडले तरी चालतील," काका म्हणाले. "वहिनी बघतायत."

आई वरच्या कठड्यावरून वाकून बघत होती. बाबांचं नाक छताच्या अगदी जवळून, पण सरळ रेषेत गेलं आणि ते आडवेच वळले. आम्ही एकेक मजला उतरत गेलो तशी आई वरून आणखी वाकत राहिली. शेवटचं वळण झाल्यावर तिने कठडा सोडला.